पाहुण्यांच्या मदतीने गुरं गोळा करणं आणि कानाला बिल्ला मारणं

गुरं गोळा करायच्या कामात पाहुण्यांना घ्यायचं ठरवलंत, तर एक गोष्ट आधीच पक्की करा: तो दिवस गुरांच्या वेळेने चालणार, नाश्त्याच्या वेळेने नाही. हे ज्यांना पटत नाही त्यांना चहा द्या, बाग दाखवा, ओहोळावर न्या, पण गुरांमागे रानात नेऊ नका.

आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. खाली ओहोळाच्या काठाने कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, त्यावर काजूची बाग आणि त्याच्याही वर रान. गुरं दीड-दोन डझन, सगळी गावठी. त्यांतल्या काही नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढऱ्या. गोव्याच्या या पांढऱ्या गाईची 'श्वेता कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली आहे, याचा मला फार आनंद आहे. दूध थोडं, दिवसाला दोन-तीन लिटर, पण आमच्या चढणीवर, आमच्या पावसात, निकस चाऱ्यावर तीच टिकते. घराच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत.

भातकापणी झाली की गुरं मोकळी सुटतात. मग एक दिवस ठरवून ती सगळी आवारात आणायची, पशुवैद्यकीय खात्याच्या लोकांकडून लस टोचून घ्यायची आणि नव्या वासरांच्या कानाला बिल्ला मारून घ्यायचा. या कामात पाहुण्यांचा उपयोग कुठे होतो, ते आडवे कुठे येतात आणि जनावराला कमीत कमी त्रास होऊन हे सगळं कसं उरकतं, ते लिहिते. गुरं राखून मुक्कामाची सोय करणारी जी घरं आमच्यासारखी आहेत, त्यांच्यासाठी हे आहे.

डागणी का नाही

बऱ्याच पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतलं रँच असतं. घोडे, दोरीचे फास, जाळात लाल केलेली लोखंडी मुद्रा. ते विचारतातच, म्हणून उत्तर तयार ठेवा आणि नीट द्या. तिकडे कुंपण नसलेल्या अफाट माळांवर वेगवेगळ्या मालकांची गुरं एकत्र चरायची. वसंतात ती हाकून आणायची आणि आईमागे चालणाऱ्या वासरावर आईच्या मालकाची मुद्रा उठवायची, अशी रीत त्या गरजेतून पडली. मुद्रा सरकारदफ्तरी नोंदवलेली असते आणि पश्चिमेकडच्या राज्यांत ती आजही मालकीचा पुरावा म्हणून चालते. तिथल्या गेस्ट रँचवर पाहुणे पैसे देऊन या कामात उतरतात. त्यांच्या जमिनीला आणि त्यांच्या कायद्याला धरून ते आहे.

पुढे १९६० च्या दशकात वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात कीथ फॅरेल यांनी गोठवून खूण करायची पद्धत काढली. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत, बुडवलेली धातूची मुद्रा कातडीवर टेकवायची. केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि त्या जागी पांढरे केस उगवतात. काळ्या-तांबड्या जनावरावर आकडा लख्ख दिसतो. आमच्या पांढऱ्या गाईवर तो दिसणार कसा? दिसायला हवा तर मुद्रा जास्त वेळ दाबून केसांची मुळंच मारावी लागतात. आणि तापलेल्या लोखंडाची खूण म्हणजे सरळसरळ भाजल्याची जखम. आमच्या दमट हवेत उघड्या जखमेवर माशी बसायला वेळ लागत नाही, आणि माशी बसली की किडे पडलेच.

आपल्याकडेही डाग द्यायची रीत होती, खुणेसाठी आणि औषध म्हणूनसुद्धा. पाय धरला, दे डाग. खांदा सुजला, दे डाग. मी ती आमच्या गोठ्यात चालू देत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदाही डागणी, खच्चीकरण, शिंगं काढणं आणि वेसण टोचणं या कामांना ठरवून दिलेल्या पद्धतीनेच मोकळीक देतो. पाहुण्यांची हौस ही काही त्यातली पद्धत नव्हे.

खुणेची गरज मात्र खरी आहे, आणि ती कानातला पिवळा बिल्ला भागवतो. त्यावर १२ अंकी नंबर असतो, देशभरात त्या एकाच जनावराचा. ११ सप्टेंबर २०१९ रोजी लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (गाभण गाई गाभटवणारा रोग) यांच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून लस आणि बिल्ला हे जोडीनेच येतात. नंबर भारत पशुधन या प्रणालीत चढतो: मालक कोण, जात कोणती, वय किती, कोणती लस केव्हा दिली. विमा काढला असेल तर बिल्ल्याशिवाय दावा उभा राहत नाही. आणि गोव्यात आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात गुरं रात्री डांबरी रस्त्यावर येऊन बसतात, कारण सगळीकडे चिखल असताना तेवढीच जागा कोरडी असते. गाडीने उडवलेली किंवा कोंडवाड्यात नेलेली गाय कोणाची, हे कानातला नंबरच सांगतो. ज्यांची गुरं रस्त्याला लागतात त्यांनी बिल्ल्याबरोबर गळ्यात चमकता पट्टाही घालावा.

दिवस कोणता, तयारी कोणती

पावसात हे काम काढू नका. कान ओला राहतो, माशा असतात, गुरांचे पाय घसरतात. उन्हाळ्यात चारा संपलेला आणि रान तापलेलं असतं. दिवाळीनंतर पौष संपेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी असते, तेव्हा खात्याचा फेरा कधी आहे ते दवाखान्यात विचारून घ्या आणि पाहुण्यांचं बुकिंग त्या तारखेभोवती बसवा. उलटं कधी करू नका.

गुरं गोळा करणं त्या दिवशी सकाळी सुरू होत नाही, ते महिनाभर आधी सुरू होतं. मोकळ्या सुटलेल्या गुरांना संध्याकाळी घराकडे यायचं कारण द्यावं लागतं. आम्ही भाताचा कोंडा, थोडी खोबऱ्याची पेंड आणि खडेमीठ रोज एकाच वेळी, एकाच जागी ठेवतो. ठेवताना बादलीवर दोनदा वाजवायचं आणि हाक घालायची. माझी हाक ठरलेली आहे: "यो गे हरणे, योऽऽ, यो गे कवडेऽऽ." हाक रोज एकाच माणसाने, एकाच सुरात घालावी. दोन आठवड्यांत म्होरकी गाय वेळेआधीच खालच्या वाटेवर येऊन उभी राहते आणि तिच्यामागे बाकीच्या.

म्होरकी कोण हे ओळखणं फार महत्त्वाचं. ती सगळ्यात मोठी किंवा सगळ्यात दांडगी असेलच असं नाही. मारकी गाय वेगळी, म्होरकी वेगळी. चरून झाल्यावर जी पहिल्यांदा मान वर करून चालू लागते आणि जिच्याकडे बघून बाकीच्या तोंडातलं गवत सोडतात, ती म्होरकी. आमच्याकडे ती हरणी. घंटा तिच्याच गळ्यात बांधा. रानात दाट करवंदीच्या जाळीपलीकडे गुरं दिसत नाहीत, तेव्हा घंटेवरून कळप कुठे आहे, चरतोय की चालतोय, तेसुद्धा कळतं. चरताना घंटा मध्येच थांबते, चालताना एकसारखी वाजते. जी ओढाळ आहे, दर वेळी कोणाच्या तरी मिरवेलीत शिरते, तिला या महिनाभरात दाव्याने बांधूनच ठेवा. गोळा करायच्या दिवशी एक ओढाळ जनावर अख्खा कळप फोडतं.

वासरांचे कान आधीपासून हाताळा, याचा मी आग्रहच धरीन. गोरवांच्या, म्हणजे गुरांच्या, पाडव्याला (दिवाळीतल्या) आपण गुरांना न्हाऊ घालतो, हार घालतो, पोळे खाऊ घालतो, अंगावर गेरूचे ठसे उठवतो. त्या दिवशी प्रत्येक जनावराला माणसाचा हात लागतो. मी सुरुवात तिथून करते. मानेखाली खाजवायचं, मग कानाच्या मुळाशी, मग कान दोन बोटांत धरून हलकेच चोळायचा, सोडायचा. रोज थोडा वेळ पुरतो. ज्या वासराचा कान असा महिनाभर हाताळला गेला आहे ते बिल्ल्याच्या दिवशी डोकं झटकत नाही, आणि डोकं झटकलं नाही की बिल्ला चुकीच्या जागी बसत नाही. पाहुणे चार दिवस राहणार असतील तर हे काम त्यांना द्या. लहान मुलांनाही जमतं, आणि वासरू त्यांना ओळखू लागतं.

रानात जाताना

आदल्या रात्री पाहुण्यांना बसवून सगळं सांगा. फिके कपडे, पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, पायात बूट. चपला चालणार नाहीत. हे माकडतापासाठी. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार २०१५ मध्ये आमच्या सत्तरीत आला आणि माणसं दगावली. तो गोचिडीतून पसरतो, आणि रानात चरणाऱ्या गुरांच्या अंगावर गोचिड्या असतातच. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत धोका जास्त, म्हणजे नेमका आपल्या कामाचा काळ. आरोग्य केंद्रात गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल मिळतं, ते उघड्या अंगाला लावायला द्या. पाचोळ्यावर बसू नका, झाडाला टेकू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आम्हाला सांगा, परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे लगेच उकळत्या पाण्यात. पाहुणे घाबरतील म्हणून हे लपवू नका. नीट सांगितलं तर ते नीट पाळतात.

कुत्री नकोत. ड्रोन तर मुळीच नको. डोक्यावर घोंघावणारी वस्तू आली की वासरांच्या आया बिथरतात आणि शिंग कोणाला लागेल सांगता येत नाही. आदल्या रात्री दारू झाली असेल त्याने घरी राहावं. दहा वर्षांखालची मुलं आवाराच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बाहेर, मोठ्या माणसाबरोबर.

सकाळी दव उतरलं की निघायचं. आमचे मामंजी पुढे असतात. वय झालं तरी रानात त्यांच्या मागे राहायला तरण्यांना धाप लागते. पाहुण्यांना ते एकच सांगतात: "गोरवांफाटल्यान धांवूं नाकात, गोरवांवांगडा चलात." म्हणजे गुरांमागे धावू नका, गुरांबरोबर चाला. बाकी मी सांगते, आणि ते असं.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून मान न वळवताही तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त बरोबर शेपटीमागे उभं राहिलेलं माणूस तिला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या माणसाला ती लाथ मारते. प्रत्येक जनावराभोवती त्याचं त्याचं अंतर असतं. त्या अंतराच्या आत पाऊल टाकलं की ते सरकतं, पाऊल मागे घेतलं की थांबतं. हरणीला मी हात लावला तरी ती हलत नाही. अनोळखी पाहुणा दहा-बारा पावलांवर आला की ती चालायला लागते. वर्षभर रानात राहिलेल्या कालवडीला याच्या दुप्पट अंतर लागतं. आधी हे अंतर शोधा. हळूहळू पुढे जा, जनावराने मान वर करून कान तुमच्याकडे वळवले की थांबा. तीच त्याची कड.

मग खांदा बघा. खांद्याच्या मागे, थोडं बाजूला राहून कडेच्या आत पाऊल टाकलं तर जनावर पुढे जातं. खांद्याच्या पुढे गेलात तर ते थांबतं किंवा उलट फिरतं. एवढं कळलं की आरडाओरडा, दगड, शेपटी पिरगाळणं यांतलं काही लागत नाही. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन संशोधक बाईंनी गुरांच्या डोळ्यांनी बघून हे सगळं आखून मांडलं आणि त्यावरून तिकडचे मोठमोठे गुरांचे वाडे बांधले गेले. मामंजींनी ते आयुष्यभर गुरांमागे चालून जमवलं आहे.

पाहुण्यांना कळपाच्या मागे अर्धगोलात उभं करा, दोन माणसांत पंधरा-वीस पावलं अंतर ठेवून. डावी-उजवीकडची टोकं घरच्या माणसांकडे, कारण कळप फुटतो तो टोकांना. पाहुण्यांनी सरळ रेषेत कळपावर चालून जायचं नाही. मागे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं सावकाश फिरत राहायचं. हातात काठी द्यायची असेल तर ती हात लांब करण्यापुरती, उगारायला नव्हे. बोलायचं ते हळू आवाजात, पण अगदी गप्पही राहू नका. तुम्ही कुठे आहात ते गुरांना ऐकू यावं.

एखादं जनावर फुटून निघालं तर कोणीही त्याच्यामागे धावायचं नाही. बाकीचा कळप जागेवर थांबवा. एकटं पडलेलं गुरू हंबरतं आणि बहुतेक वेळा आपणच परत येतं. वासरू मागे राहिलं तर आईला थांबवा, वासराला ढकलू नका. नुकती व्यालेली गाय कळपात असेल तर पाहुण्यांपैकी कोणीही तिच्या आणि वासराच्या मध्ये येऊ नये, हे तीनदा सांगा.

आमच्या रानात वाघ आहे, बिबट्या आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात ४ वाघ विषबाधेने मेले. गुरं मारली गेल्याच्या रागातून ते विष घातलं गेल्याचं तपासात पुढे आलं. तेव्हापासून मी प्रत्येक पाहुण्याला सांगते, की गुरं दिवेलागणीच्या आत घरी आणणं हे वाघासाठीही आहे. म्हणून सकाळीच निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. एखादं गुरू सापडलंच नाही तर संध्याकाळी घरची माणसं जातील, पाहुणे नाहीत.

बेड्यापासून खोड्यापर्यंत

गुरं घरापर्यंत येतात आणि बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून, आत शिरायलाच अडतात. तिथे घाई केली तर सकाळची सगळी मेहनत वाया जाते.

आमचं आवार चिऱ्यांच्या गडग्याचं आहे. सकाळी पोफळींच्या लांब सावल्या बेड्यावर आडव्या पडतात. हरणी तिथे येऊन थांबते, मान खाली घालते, सावलीच्या रेघेवर फूं करून श्वास सोडते, एक पाय उचलते, परत ठेवते. मागचे पाहुणे म्हणतात, ढकलूया का? नाही. तिला बघू द्या. जरा वेळ जातो, ती ती रेघ ओलांडते आणि तिच्या मागच्या गाई सावलीकडे बघतही नाहीत. पहिल्या गाईला दिलेला वेळ हा सगळ्या कळपाला दिलेला वेळ असतो.

म्हणून आदल्या दिवशी बेड्यातून स्वतः वाकून, गाईच्या डोळ्यांच्या उंचीवरून चालत जा. वाऱ्यावर हलणारं प्लास्टिक, दोरीवर वाळत घातलेली साडी, उन्हात चमकणारी स्टीलची बादली, आवाज करणारा सैल पत्रा, पाण्याने भरलेला खड्डा, हे सगळं काढा. उजेडातून काळोखात गुरं शिरत नाहीत, तेव्हा गोठ्याच्या आतला दिवा लावून ठेवा. पाहुण्यांच्या गाड्या त्या दिवशी आवारात नकोत.

आत आल्यावर पाणी आणि चारा, आणि निदान तासभर विसावा. तेवढ्यात आपलीही पेज-भाजी उरकते.

बिल्ला मारायला आणि लस द्यायला खोडा हवा, म्हणजे जनावर उभं अडकवून ठेवायची अरुंद चौकट. आमचा खोडा माट्टीच्या खांबांचा, आडव्या पट्ट्या पोफळीच्या. रुंदी अडीच फुटांच्या आतच ठेवा. आमची गावठी जनावरं अंगाने लहान, जागा जास्त झाली की ती आत वळायला बघतात आणि अडकतात. तळाला खडबडीत चिरे किंवा गोणपाट घाला. पाय घसरला की गाय घाबरते आणि मग पुढच्या फेऱ्यालाही खोड्यात पाऊल टाकत नाही. खोड्यात घेताना तिच्यापुढे तिची ओळखीची सोबतीण उभी करा. एकटी गाय जितकी झगडते तितकी सोबतीण समोर दिसणारी झगडत नाही.

लहान वासरांना खोडा नको. त्यांना भिंतीला लावून, एक हात हनुवटीखाली आणि एक मागच्या मांडीभोवती घेऊन अंगाशी धरायचं. अंगापिंडाने दणकट पाहुणा असेल तर हे काम त्याला द्या, पण आधी घरच्या वासरावर दाखवून.

बिल्ला मारणारा हात खात्याच्या कर्मचाऱ्याचाच. पाहुण्याच्या हातात पकड द्यायची नाही, तो कितीही गळ घालो. कारण कान बघितलात तर लगेच कळेल. वासराचा कान उजेडाकडे धरा: आत गुलाबी पडद्यावर जाड शिरा फांद्यांसारख्या पसरलेल्या दिसतात आणि बोट फिरवलं तर लांबीच्या दिशेने गेलेले कूर्चेचे कंगोरे लागतात. बिल्ल्याची टोकदार दांडी दोन कंगोऱ्यांच्या मधल्या पातळ भागातून, शिरा चुकवून, कानाच्या साधारण मध्यावर जायला हवी. टोकाकडे मारला तर झुडपात अडकून कान फाटतो. मुळाशी मारला तर रक्त येतं, कान जड होऊन लोंबतो. वासराचा कान अजून वाढायचा असतो, म्हणून बिल्ला कानाला घट्ट चिकटलेला नको, थोडी फट हवी. पकडीचं टोक प्रत्येक जनावरानंतर जंतुनाशकात बुडवायचं, कान आधी पुसून घ्यायचा. दाबायचं ते एकदाच आणि पूर्ण, खट् असा आवाज येईपर्यंत, आणि लगेच सोडायचं. अर्धवट दाबून थांबलं तर वासरू डोकं ओढतं आणि भोक मोठं होतं. चार-दोन थेंब रक्त आलं तर कापसाने दाबून धरा. वर आयोडीनचं औषध लावा.

ब्रुसेलोसिसची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, आयुष्यात एकदाच. ही लस जिवंत जंतूंची असते. सुई चुकून माणसाला टोचली तर माणूस आजारी पडू शकतो. ती देताना पाहुण्यांना गडग्यापलीकडे पाठवा, आणि घरच्या बायकांपैकी कोणी गरोदर असेल तर तिलाही.

मग पाहुण्यांनी करायचं काय? तीन कामं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. पहिलं, नंबर वाचणं. एकाने १२ अंक चार-चारच्या गटात मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने वहीत लिहून परत वाचून दाखवायचे. ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत हमखास होते, म्हणून वर मोबाइलवर बिल्ल्याचा फोटो, फ्लॅश बंद ठेवून. दुसरं, वहीत जनावराचं वर्णन: रंग, शिंगांचा घाट, कपाळावरचा टिळा, आई कोण. नंबर हरवला तरी वर्णन उरतं. तिसरं मला सगळ्यात आवडतं. लस झालेल्या जनावराच्या पुठ्ठ्यावर गेरूचा ठसा उठवायचा, म्हणजे घाईत त्याच जनावराला दुसऱ्यांदा सुई लागत नाही. करवंटी गेरूत बुडवून उठवलेला तो गोल आठवडाभर टिकतो. मुद्रा उठवायला आलेल्या पाहुण्याला मी ती करवंटी देते. त्याच्या हातून खूण होते, कामाची होते, आणि गाय वळून त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

सगळं झालं की लगेच बेडं उघडू नका. आंबोण घाला, गुरांना रवंथ करत बसू द्या. आवारात काहीतरी दुखलं, एवढीच आठवण घेऊन ती रानात जायला नकोत. पाहुणे आधी बाहेर जातील, मग हरणीला सोडा. बाकीची आपोआप निघतात.

नंतरचे दिवस

लसीनंतर एक-दोन दिवस दूध थोडं उतरतं, सुईच्या जागी गाठ येते, कधी अंग कोमट लागतं. हे आपोआप बसतं. चारा सोडला किंवा ताप उतरेना, तर डॉक्टरांना बोलवा. गाभण गाई असतील तर लस द्यायची की थांबायचं, हे आधीच त्यांना विचारून ठेवा.

कान तिसऱ्या दिवशी बघा आणि पुन्हा दहाव्या दिवशी. बिल्ला हलकेच फिरवून पाहायचा. सहज फिरला, खाली कोरडी खपली असली, तर उत्तम. कान गरम लागला, पाणी किंवा पू आला, वास आला, तर जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन औषध लावा आणि भोवती करंजेल तेल फिरवा. माशी त्या वासाला येत नाही. किडे दिसले तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, कान आतून पोखरला जातो.

शेजारच्या एका मुक्कामाच्या घरी गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर दर शनिवारी गुरं हाकून आणतात. तसं करू नका. विनाकारण हाकललेलं गुरू चरत नाही, गाभण असेल तर तिला ते बाधतं, आणि महिनाभर हाकेवर बसवलेला विश्वास दोन शनिवारांत जातो. ज्या पाहुण्यांना तारीख साधत नाही त्यांना संध्याकाळी कोंड्याच्या बादलीपाशी उभं करा. हाक ऐकून रानातून एकामागून एक उतरणारी गुरं बघायला मिळतात, आणि गुरांचा रोजचा क्रमही मोडत नाही. आम्ही या कामाचे वेगळे पैसे घेत नाही; खोलीचे आणि जेवणाचे तेवढे.

बिल्ला कधी ना कधी एखाद्या जनावराचा तुटतोच, काटेरी जाळीत अडकून. तुटलेला तुकडा सापडला तर टाकू नका. वहीतला जुना नंबर आणि फोटो घेऊन दवाखान्यात जा. नवा बिल्ला मारताना जुन्या नंबराची नोंद त्याला जोडून घ्यायला सांगा, नाहीतर त्या जनावराच्या लसींचा आणि विम्याचा माग तुटतो. कान फाटला असेल तर भरून आल्यावर दुसऱ्या कानाला. तोवर गळ्यात नंबर लिहिलेली लाकडी चकती बांधून ठेवा.